डाव्या चाकातला ठेका

दसऱ्याच्या सकाळी कोलकात्यातल्या भवानीपूरच्या मराठी मंडळाच्या अंगणात गाड्यांची पूजा आटोपत आली होती. तेवढ्यात एक मोरपंखी रंगाची म्हातारी गाडी धापा टाकत फाटकातून आत शिरली. उंचसा एक तरुण उतरला. हातात ना हार, ना नारळ.

"पूजेला आलात, की नुसती गाडी दाखवायला?" कालिंदीने विचारलं. हळदीकुंकवाचं तबक तिच्याच हाती होतं.

"दोन्हीला," तो हसला. "मी दिगंबर. गाडी आजोबांची. पूजा कशी करतात ते सांगायच्या आतच ते गेले... तुम्ही शिकवाल?"

इतकं सरळ बोलणं ऐकून तिची थट्टा ओठांवरच विरघळली. तिने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, गणपती म्हणून सुपारी मांडून अक्षता वाहिल्या. पुढच्या डाव्या चाकाची वाटीसारखी स्टीलची टोपी त्याने पुसायला काढून ठेवली होती. तो नारळ आणायला गेला आणि कालिंदीच्या हातात पुजलेली सुपारी राहिली. देव रस्त्यावर कसा टाकायचा? लांबून दुर्गाविसर्जनाचे ढाक, ते बंगाली ढोल, वाजत होते, पारिजातकाचा वास होता... तिला काय वाटलं कोण जाणे. तिने सुपारी टोपीत ठेवली आणि तळव्याने दाबून टोपी चाकावर बसवली.

'देवा, हे चाक पुन्हा इकडेच वळव.'

देवाने ऐकलं. मंडळात कार्तिकातली कीर्तनं सुरू झाली. कालिंदीचे वडील, श्यामराव, बदली होऊन आलेले सरकारी अधिकारी. बुवांना पेटीची साथ त्यांची, झांज कालिंदीची. घर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला. पेटी घेऊन ट्राममध्ये चढायचं म्हणजे दिव्यच! पहिल्याच कीर्तनानंतर दिगंबर पुढे आला.

"मलाही डमडमलाच जायचंय. मावशी राहते तिथे."

श्यामराव पेटी कुणाच्या हाती देत नसत. ते मागच्या सीटवर पेटीला मिठी मारून बसले आणि वाटेतलं श्यामबाजार यायच्या आत घोरू लागले. कपाळावरच्या बुक्क्यासकट कालिंदी पुढे बसली. वळण आलं, आणि डाव्या चाकातून आवाज आला. टक्... टक्... टक्.

"बिचारी आजारी आहे," दिगंबर म्हणाला. "मिस्त्री म्हणतो, वळताना वाजतं म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल गेला. तुमचा कीर्तनातला कान. तुम्ही सांगा ना, काय दुखतंय तिला?"

"एका वळणात कसं कळणार?"

"मग अजून घेऊ."

त्यानंतर दर कीर्तनाला डमडमच्या वाटेत नव्या नव्या गल्ल्या उगवू लागल्या. धुक्यात दिवे पिवळे होत, खिडकीतून गारवा येई आणि चाक आपलं टक्-टक् करी.

"मावशी बऱ्या आहेत ना?" कालिंदी विचारी.

"बऱ्या आहेत."

"काय आवडतं त्यांना?"

"वळणं," तो गंभीरपणे सांगे.

एकादशीच्या संध्याकाळी मात्र तो सरळ रस्त्याने निघाला. एकही गल्ली घेतली नाही.

"रविवारी गाडी जाणार," शेवटी तो म्हणाला. "मिस्त्रीने गिऱ्हाईक आणलंय. म्हणतो, हे चाक एक दिवस वाटेतच निखळेल. मी एकटा असतो तर चालवली असती. पण शेजारी तुम्ही बसता..."

कालिंदी खिडकीबाहेर बघू लागली. गाडी गेली की हा रस्ता गेला, ही खिडकी गेली...

पुढे वरात अडली होती. गाडी गोगलगायीसारखी सरळ सरकू लागली. टक्... टक्... टक्. कालिंदी ताठ बसली. चाक तर वळलंच नव्हतं!

वरात सरली, गाडीने वेग घेतला, आवाज थांबला.

"पुन्हा हळू घ्या. सरळच."

टक्... टक्.

"आता जोरात!"

चाक गप्प.

"अहो, ते वळताना नाही वाजत, सावकाश चालताना वाजतं! वळणावर तुम्ही हळू होता, एवढंच. आत काहीतरी सुटं आहे. लय संथ असली की गडगडतं, वाढली की कडेला चिकटतं..."

आणि तिला एकदम आठवलं. दसरा... तबक... तळव्याखाली बसलेली टोपी. विघ्नहर्ताच विघ्न होऊन बसला होता, आणि तो बसवला होता तिने! सांगावं, तर लाजेने मरायचं. न सांगावं, तर रविवार उजाडायचा.

"गाडी बाजूला घ्या," ती हळूच म्हणाली. "डाव्या चाकाची टोपी काढा."

रस्त्याच्या दिव्याखाली त्याने स्क्रू-ड्रायव्हरने टोपी उचकटली. झिजून गुळगुळीत झालेली सुपारी त्याच्या तळहातावर पडली.

"ही... कुणी?"

"मी."

"कशाला?"

"चाक पुन्हा इकडे वळावं म्हणून." तिने मान खाली घातली. "रागावलात?"

त्याने सुपारी रुमालाने पुसली. मग म्हणाला, "मीही एक सांगू? डमडमला माझी मावशी नाही."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही. आईला बहीणच नाही हो!"

कालिंदी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता दोघंही थांबली... त्याने सुपारी तिच्या ओंजळीत ठेवली, आणि हात लगेच काढून घेतला नाही.

"गाडी विकू नका," ती म्हणाली.

"नाही विकत. पण पुढे बसायला तुम्ही... कायमच्या याल?"

तिने नुसते डोळे उचलले. त्याला उत्तर मिळालं.

"आधी तो गणपती पदरात घे, कालिंदी," मागून आवाज आला. दोघं दचकली. श्यामराव पेटीवर हनुवटी टेकून बसले होते. "आणि दिगंबर, आईला सांगा, रविवारी गिऱ्हाईकाऐवजी आम्ही येतो. ही फोडायची नाही हं, ही देवाची. फोडायला दुसरी सुपारी मी आणतो."

"बाबा! तुम्ही जागे होता?"

"पेटीवाला माणूस मी. ठेका थांबला की जाग येते."

गाडी निघाली. वळण आलं, चाक मुकाट्याने वळलं. पदरात धरलेली सुपारी अजून उबदार होती. घर समोर दिसत होतं, तरी दिगंबरने गाडी डावीकडच्या गल्लीत घातली.

मागून श्यामराव पुन्हा घोरू लागले... जरा जास्तच मोठ्याने.