डावी होडी कुणी पुसली?

"परत पुसली! डावी होडी परत पुसली!" छोटा बेनो ओरडतच बटाट्याच्या शेतात घुसला.

ओदिलने टोपली टाकली नि धूम ठोकली. मागोमाग बेनोचा भाऊ उर्स. बटाटे काढायला शाळेने दिलेली सुट्टी गेली खड्ड्यात!

मिठाच्या जुन्या कोठाराच्या भिंतीवर ओदिलच्या बाबांनी जीव ओतून चित्र काढलं होतं. खवळलेला समुद्र, मधोमध खडकावर कंदील धरलेली हेल्वेतियामाता, म्हणजे आपली स्वित्झर्लंडमाता. डावीकडे फ्रेंच पोरांची होडी, उजवीकडे जर्मन पोरांची. कंदिलाचा उजेड दोघांवर सारखाच! सीमेपलीकडच्या फ्रान्स-जर्मनीच्या युद्धात आपला देश कुणाच्याच बाजूचा नाही, असं सांगणारं चित्र. आणि त्यातली फ्रेंच होडीच गायब!

"हे जर्मन बोलणाऱ्यांचंच काम!" फ्रेंच बोलणारा बेकरीवाला गरजला.

"काहीतरीच! तुमच्या चित्रकाराचा रंगच कच्चा!" जर्मन बोलणारे पोस्टमास्तर उसळले.

"बास!" सरपंच एटरांनी काठी आपटली. "या चित्रापायी गावातच युद्ध नको. उद्या दुपारी भिंतीला चुना फासा!"

संध्याकाळी बाबांनी होडी पुन्हा रंगवली, निदान शेवटचं एकदा म्हणून. ओदिलला रडू आवरेना.

सकाळी तिघं लाकडांच्या ढिगाआड दबा धरून बसली. सरपंच आले, भिंतीतल्या डाव्या कडीला आपली शेळी फ्लोरी बांधली आणि समोरच्या खानावळीत शिरले. फ्लोरीने लगेच भिंत चाटायला सुरुवात केली!

"भिंतीत मीठ मुरलंय!" उर्स कुजबुजला. "दोरी तेवढ्याच होडीपर्यंत पोचते!"

"पण सरपंचांच्या शेळीवर आळ? कोण ऐकणार? नुसती डावी होडी चाटताना दिसली, तर मुद्दाम बांधली म्हणतील!" ओदिलने क्षणभर उजव्या होडीकडे पाहिलं. बाबांनी किती निगुतीने रंगवली होती! "जाऊ दे एक होडी. चित्र तर वाचेल!"

तिने शेळी सोडून उजव्या कडीला बांधली. मग तिघांनी एकच गिल्ला केला, "धावा! जर्मन होडीपण चालली!"

सारं गाव धावलं. फ्लोरी तितक्याच आवडीने जर्मन होडी चाटत होती. दाढी निळीशार!

"बघा, ही कुणाच्याच बाजूची नाही!" ओदिल म्हणाली.

आधी पोस्टमास्तर हसले, मग बेकरीवाला, मग सगळेच. सरपंचांनी टोपी काढली. "शेळी माझी, चूक माझी. आम्ही मोठे नुसते भांडत बसलो, तुम्ही नीट पाहिलंत. शाब्बास, पोरांनो! चुना रद्द!" दोन्ही कड्या त्यांनी स्वतः उपटल्या.

बाबांनी दोन्ही होड्या पुन्हा रंगवल्या. हेल्वेतियाच्या पायाशी निळ्या दाढीची शेळीही काढायला घेतली.

"हिचं तोंड कुठल्या होडीकडे करू?" त्यांनी विचारलं.

"सरळ समोर!" ओदिल आणि उर्स एकदमच ओरडले.