विजयश्रीची लाइन

भोसरीच्या नाक्यावर शेअर रिक्षात दोघं अंग चोरून बसले होते, आणि त्याचा ड्राफ्टर, आराखडे काढायची ती लांब पट्टी, तिच्या बरगडीत रुतत होता.

“अहो, ही तुमची पट्टी… आवरा की जरा!”

“सॉरी,” तो म्हणाला. पण इतकं हळू, की तिला त्याचे नुसते ओठ हललेले दिसले. कान मात्र लालबुंद!

वर्कशॉपांच्या रांगेतून, कटिंग ऑइलच्या वासातून रिक्षा धडधडत निघाली. विजयश्री कॉलेजच्या गेटवर उतरली, तर तोही उतरला. मेकॅनिकलच्या वर्गात शिरली, तर तोही मागोमाग. आणि गट पडले तेव्हा तिच्याच टेबलाशी येऊन उभा राहिला. गणराज. लातूरकडचा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला.

साधना मॅडम यंदा उत्पादनाचा विषय खेळातून शिकवत होत्या. प्रत्येक टेबल म्हणजे कारखान्याची एक लाइन. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या गाड्या जोडायच्या, आणि जे कार्ड निघेल ते काम करायचं. शेवटची फेरी जिंकणाऱ्या लाइनप्रमुखाचं नाव सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी चाकणच्या कंपनीत जाणार होतं. थेट शॉपवर, यंत्रांमध्ये!

विजयश्रीला ते हवं होतं, अगदी मनापासून. पण घरी वडिलांनी, यशवंतरावांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, “पोरींचं शॉपवर काय काम? हापिसातलं बघ. आता कॉलेजनंच नाव दिलं, तर आमी आडवं येणार न्हाई.”

आणि इथं तर कार्ड कुठलंही निघो, नोंदी लिहायचं काम फिरून तिच्याकडेच यायचं. “तुझं अक्षर मस्त आहे गं,” म्हणत गटातला दिग्विजय कार्डं बदलून टाकायचा. तीही हसून देऊन टाकायची… अंगवळणीच पडलं होतं.

रिक्षात मात्र आता गणराज तिच्यासाठी कडेची जागा धरून ठेवायचा.

एखाद्या दिवशी तोच मागे राहिला, तर ती हाक मारायची, “काय रे, आज उशीर?”

“येऊलालो की पळत.”

“येऊलालो!” ती खळखळून हसायची. तोही खाली बघून हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा तसंच बोलायचा.

शेवटच्या फेरीला विजयश्रीनं कार्ड उलटलं. लाइनप्रमुख! गणराजला नोंदी निघाल्या.

“बदला रे पटकन,” दिग्विजय म्हणाला. “गण्या, तू हो प्रमुख.”

तिचा हात आपसूक पुढे झालासुद्धा. गणराजनं तिच्याकडे पाहिलं, आपलं कार्ड हळूच मांडीखाली सरकवलं आणि वर बसला.

“माझं अक्षर लई घाण हाय,” तो म्हणाला, “पण काम माझंच हाय.”

खेळ सुरू झाला. “प्लीज, जरा लवकर…” ती म्हणत राहिली, कुणी ऐकेना. चाकं बसवायच्या जागेवर अर्धवट गाड्यांचा ढीग साचायला लागला. मग एकाएकी तिनं टेबलावरची घंटा दाबली.

“लाइन थांबवा!”

“अगं बाई, थांबवतेस काय? हरू ना!” दिग्विजय ओरडला.

“टप नंतर बसव. आधी चाकांना हात लाव. चल, ऊठ!”

आपला एवढा आवाज तिनं स्वतःच पहिल्यांदा ऐकला. दिग्विजय पुटपुटत उठला… आणि लाइन चालू लागली. कडेवर रडून रडून दमलेलं लेकरू एकदम शांत व्हावं, तसं ते टेबल शांत, सुरळीत चालू लागलं. बाकीच्या टेबलांवर अजून गोंधळ होता, तेव्हा तिची शेवटची गाडी उतरली होती.

मॅडमनी तिचं नाव पुकारलं. तिनं तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून वडिलांचा आवाज आला, “कंपनीची बस भोसरीवरनं जाती का, इचार.”

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून ती म्हणाली, “गणराज, थँक्यू. तू कार्ड दिलं नाहीस म्हणून…”

“उपकार नाही केले मी. खरं तर पळालो.”

“म्हणजे?”

“पोरगा म्हणून सगळे मलाच पुढं ढकलतात. मला ओरडता येत नाही. आज तू लाइन धरलीस, अन् मला पहिल्यांदा निवांत बसून बघता आलं. थँक्यू तर मीच म्हणायला पाहिजे.”

“निवांत काय बघत होतास? लाइन?”

“लाइन… बी.”

तिच्या ओठांवर आलेलं हसू तिनं चहाच्या वाफेआड लपवलं. रस्त्यावरून चाकणकडे जाणारे ट्रेलर गडगडत होते. तो काहीतरी बोलला, पुन्हा नुसते ओठच हलले.

“मोठ्यानं बोल ना!”

“सांगितलं की… नाही येत मोठ्यानं.”

विजयश्रीनं ग्लास खाली ठेवला आणि बाकावर सरकून शेजारी जागा केली.

“मग जवळ येऊन बोल,” ती म्हणाली. “मी ऐकते.”