अळवाला पाणी

पिराजीसरांना आता साल नक्की आठवत नाही. दोन हजार तीन असावं, किंवा चार. पंचगंगेच्या मोठ्या पुराच्या आधीचं, एवढं खरं. त्यांच्या मुलानं, प्रसेनजीतनं, बाह्या दुमडलेला तो शर्ट निळा होता की पांढरा, यावरही ते कधी ठाम राहू शकले नाहीत. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला स्वतःच्याच डोक्याचा इतकाही भरवसा वाटू नये, याचीही त्यांना भीती वाटे. आवाज मात्र कानात जसाच्या तसा राहिला. टप्. मग गप्प. मग पुन्हा टप्. अळवाच्या पानावर पडणारा थेंब मातीवर पडणाऱ्या थेंबासारखा वाजत नाही.

त्यांचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागच्या अंगाला, गल्लीच्या टोकाशी होतं. संडासात चिनी मातीची जुनी फ्लशची टाकी होती, आणि तिच्या ओव्हरफ्लोची नळी मागच्या भिंतीतून परसात निघालेली. टाकी भरत आली की आतला पोकळ गोळा तरंगत वर येतो, त्याची पितळी दांडी उचलली जाते आणि पाण्याचं तोंड बंद होतं. गोळ्यात पाणी शिरलं, वायसर झिजलं किंवा दांडी वर वाकली, तर पाणी वेळेवर थांबत नाही. जास्तीचं पाणी नळीतून बाहेर पडतं. लग्नानंतर सरांनी हे सगळं बाळाबाईंना एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं, आणि बाळाबाईंनी ते नको इतकं चांगलं समजून घेतलं. त्यांनी नळीखाली अळू लावलं आणि दांडी किंचित वर वाकवून ठेवली.

"अगं, पाणी वाया जातंय," सर म्हणत.

"वाया कुठलं? अळू पितंय की. तुमच्या शास्त्राचं काय बिघडलं त्यात?"

सर दांडी खाली वाकवत. दोन-चार दिवसांत ती पुन्हा वर गेलेली असे. सगळा संसार त्यांनी या एका दांडीवरून हसत-भांडत केला. मशेरीनं काळं झालेलं बोट पदराला पुसत त्या परसात जात, अळवाची मोठी पानं नखानं खुडत आणि वड्या करत. विळी त्यांनी अळवाला कधी लावली नाही. विळीनं अळू रुसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या गेल्या. सरांनी दांडी शेवटची खाली वाकवली आणि अळू वाळून गेलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रसेनजीत पुण्याहून आला, आबांना घेऊन जायचंच असं ठरवून. सर हलायला तयार नव्हते. बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाळाबाईंचा फोटो होता, खिडकीतून परस दिसत होतं. मरायचं तर इथंच, असं त्यांनी पोराला सांगून टाकलं.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या हंबीररावांनी कंपाउंडावरून हाक मारली.

"सर, पंचगंगा आता तुमच्या संडासातनं निघती व्हय?"

नळी वाहत होती. सरांनी टाकीचं झाकण काढलं. गोळा कानाशी हलवून पाहिला. आत पाण्याचा आवाज नाही. वायसर धड होतं. दांडी मात्र चांगली वर वाकलेली. त्यांनी ती खाली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एक दिवस आड. मग पुन्हा.

"आबा, तुम्हीच करताय आणि विसरताय," प्रसेनजीत हळू आवाजात म्हणाला. "आईच्या सवयीनं हात जात असेल."

सरांना ते पटलं. पटलं हेच भयंकर होतं. ते आपले हात पालथे-उलथे करून बघू लागले. भाजीत मीठ टाकलं की नाही, दाराला कडी घातली की नाही, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासू लागले. हंबीररावही आता त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलत. "पुण्याला जातो," हे शब्द सरांच्या ओठापर्यंत आले होते.

एका दुपारी पडल्या-पडल्या त्यांना चिनी मातीवर चिनी माती घासल्याचा आवाज आला. ते अनवाणीच उठून गेले. संडासाचं दार अर्धं उघडं होतं. प्रसेनजीत बाह्या दुमडून, टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

त्याच्या कोपरावरून पाणी गळत होतं.

"तुम्ही ऐकत नव्हता, आबा. एकटे पडलात, धडपडलात तर..."

"म्हणून मला खुळा ठरवलास?"

"तसं न्हाय..."

"ठरवलास का न्हाईस, एवढंच सांग."

"व्हय," प्रसेनजीत म्हणाला. मग खाली बघून पुटपुटला, "पण परवा मी न्हवती वाकवली. परवा दिवसभर मी पन्हाळ्यावर होतो."

खोट्यात पकडलेला माणूस आणखी एक खोटं बोलतो, असं सरांना वाटलं. ज्याला बोटाला धरून शाळेत नेलं, त्यानं बापाचं डोकं बापाच्याच हातून काढून घ्यायला निघावं! "उद्या सकाळच्या गाडीनं जा," ते म्हणाले. "एकटा."

मग त्यांनी टाकीखालचा कॉक घट्ट बंद केला, फ्लश ओढून टाकी रिकामी केली आणि गोळा दांडीसकट काढून जेवणाच्या टेबलावर, सर्वांना दिसेल असा ठेवला. आता वाकवायला काही उरलं नव्हतं. कित्येक दिवसांनी त्यांना आपलं डोकं आपलं वाटलं.

तिन्हीसांजेला लाइट गेली. प्रसेनजीतची बॅग दाराशी होती. कंदील लावून दोघं टेबलाशी बसले, मध्ये तो गोळा. गल्लीतले पंखे, टीव्ही, सगळं बंद पडलेलं. आणि मागून आवाज आला.

टप्.

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. चारही हात टेबलावर होते.

टप्.

"आबा... कॉक बंद केला होता न्हवं?"

कंदील घेऊन ते संडासात गेले. टाकीच्या तळाशी बोटभर शिळं पाणी होतं. नळीचं तोंड त्याच्या खूप वर, कोरडं, आणि त्यात कोळ्याचं अखंड जाळं. मग ते परसात गेले. त्याच नळीतून थेंब पडत होता. खाली, जिथं वाळका बुंधा होता तिथं, एक कोवळं पान उघडलेलं होतं आणि थेंब बरोबर त्याच्यावर पडत होता. ओल्या मातीच्या वासात दुसरा एक वास होता. भाजलेल्या तंबाखूचा. मशेरीचा.

"आई..." प्रसेनजीत म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

सरांनी जन्मभर भुताखेतांविरुद्ध व्याख्यानं दिली होती. त्यांनी नळीवर तळहात दाबून धरला. पाणी थंड नव्हतं. अंगाइतकं कोमट होतं.

"बाळा," ते भिंतीला म्हणाले, अगदी हळू, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. "थांबव गं. तू थांबवलंस तर मला इथं राहता येईल. तुझ्याजवळच..."

थेंब थांबला. सरांनी श्वास सोडला.

आणि मग हाताला धक्का बसावा तशी धार आली. तळहात बाजूला सारून, मनगटावरून, पायांवरून, थांबायचं नाव न घेता. जणू कुणी आतून त्यांना ढकलून परसाबाहेर काढत होतं.

पोरानं दगा दिला, तो समजण्यासारखा होता. त्याला भीती वाटत होती, तो जिवंत होता. पण ही? जन्मभर एका दांडीवरून आपल्याशी लाडानं भांडलेली बाई, नेमकी या वेळी पोराच्या बाजूची झाली. घर तिला हवं होतं. अळू हवं होतं. नवरा नको होता.

सकाळी दोघंही पुण्याच्या गाडीत बसले. प्रसेनजीतनं वाटेत दोनदा पाणी विचारलं. सरांनी नको म्हटलं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये सर कित्येक संध्याकाळी बाथरूमच्या दाराशी कान देऊन उभे राहत. सूनबाई प्रीती विचारी, "आबा, काय हवंय?" ते म्हणत, काही नाही. तिथली टाकी कधीच गळली नाही. एकदाही नाही.

बऱ्याच वर्षांनी हंबीरराव गेल्याचं कळलं, तेव्हा सर कोल्हापूरला आले. सरांच्या घरात आता मेहमुदा नावाची शिक्षिका भाड्यानं राहत होती. तिनं चहा केला, घर दाखवलं. संडास नवा होता. टाकी केव्हाच काढलेली, नळीचं आतलं तोंड सिमेंटनं लिंपून वर फरशी बसवलेली. सरांनी फरशीवर हात फिरवला. ठणठणीत कोरडी.

परसात अळू कमरेएवढं वाढलेलं होतं.

"आम्ही खात न्हाय ते, घसा खाजतो," मेहमुदा म्हणाली. "पण तुमच्यातली बाई येतीया की न्यायला. कधीमधी दुपारची वळचणीला दिसती. मी हाक मारली तर बोलत न्हाय. म्हटलं, राहू दे, सरांच्या घरातलंच माणूस हाय."

सर वाकले. मोठी पानं नव्हती. देठ विळीनं कापलेले नव्हते, नखानं खुडलेले होते, आणि खुडल्या जागी अजून चीक ओला होता. त्यांनी एका देठाच्या टोकावरून बोट फिरवलं आणि चष्मा काढून बोट डोळ्यांजवळ धरलं, खात्री करून घ्यावी म्हणून.

बोटाला काळं लागलं होतं. ती मशेरी होती.