डाव्या बाजूची अक्षरं

आमच्या खोऱ्यातली पिस्तुलं ज्यांनी पाहिली त्यांनी टिंगलच केली. करू देत. परदेशी नमुना एकच मिळाला होता, तोही आठ दिवसांपुरता. फौजेच्या कप्तानाला हुबेहूब तसंच हवं होतं. नमुना कुठंतरी पडून त्याला पोचा आलेला, तर आम्ही तो पोचासुद्धा प्रत्येक पिस्तुलावर ठोकून उतरवला. सुरक्षेचा खटका आमचा नुसता दिसायला. डाव्या अंगावर परदेशी अक्षरं. ती वाचता येतायत कुणाला? माझा धाकटा भाऊ युएशान ती कोरायचा, वेलबुट्टी काढावी तशी. तो डावखुरा, त्यामुळं त्याच्या छिन्नीचे घाव उलटीकडं झुकायचे. उजवी बाजू माझी, डावी त्याची, अशी आमची वाटणी.

मग फौजेनं त्यालाच उचलून नेलं, हत्यारं दुरुस्त करायला. त्याला तीन वर्षं झाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दुकानात मी एकटा. बोलायला माणूस नसलं की कानशीचा आवाजसुद्धा खायला उठतो, खोटं कशाला सांगू.

यंदा मक्याला कणसं धरली तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून आलो, तर बाकावरच्या पिस्तुलाची डावी बाजू कोरून तयार. वाटलं, वय झालं, आपणच विसरलो असू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कोरं ठेवलं, दाराला कुलूप घातलं. परतलो तर अक्षरं होती. घाव उलटीकडं झुकलेले. लोखंडाचा कीस अजून कोमट होता.

मी भ्यालो नाही. बरं वाटलं. रोज एक कोरं ठेवून जाऊ लागलो. निघताना दारातून विचारायचो, "मिरचीचं लोणचं आणू का रे?"

शेवटी न राहवून शेजारच्या खुआंगकाकांना दाखवलं. ते शवपेट्या बनवतात. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"गाढवा, मेलाय तो. पोटासाठी राबतंय ते भूत. पितरांच्या ओळीत ना नावाची पाटी, ना धूप, ना घास. सख्ख्या भावाला उपाशी ठेवतोस?"

पाटी मांडायचं म्हटलं तर आई मात्र ऐकेना.

"प्रेत पाहिलंस त्याचं? नाही ना? मग जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला बसवू नकोस. एकदा बसला की उठता येत नाही."

"आणि खरंच उपाशी असला तर?"

"आणि जिवंत असला तर?" एवढं बोलून ती शेंगा सोलत बसली.

सातव्या महिन्याची पौर्णिमा, आमच्याकडं पितरांचा दिवस. आई देवळात गेली होती. मी लाकडी पाटीवर युएशानचं नाव लिहिलं आणि ती आजोबांच्या पाटीशेजारी मांडली. भात वाढला. धूप लावला.

"जेव रे बाबा," म्हटलं, "पोटभर जेव."

भिंतीपलीकडं दुकानात टकटक चालू होती. आजवर ती कधी ऐकू आली नव्हती.

मी त्याच्या नावानं पेल्यातली दारू जमिनीवर ओतली.

टकटक थांबली.

धावत गेलो. कुलूप होतं तसंच. आत बाकावरच्या पिस्तुलावर पाच अक्षरं पुरी झालेली, सहावं अर्धं. छिन्नी त्यातच रुतलेली.

हातोडी खाली पडली होती. उचलली तर दांडा घामानं ओला, ऊबदार. मेल्या माणसाला घाम कुठून येईल? सोडवेना. मी तसाच धरून बसलो, आणि तो माझ्या मुठीत हळूहळू गार होत गेला.