पान एकशे बारानंतर

मी चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना अर्ध्या अंधारात बसवून "हे स्पष्ट की हे?" विचारायचं, हा माझा धंदा. त्यामुळे दिसलेल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायचा नाही, दोनदा काच बदलून बघायची, ही सवय अंगात मुरलेली आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून माझ्या ओळखीचे लोक माझाच नंबर तपासायला निघतात.

माझे वडील, आप्पा, पुस्तक बांधणीच्या कारखान्यात कामाला होते. छत्तीस वर्षं. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे ओळीने जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. त्यांच्या बोटांना खळीचा वास कायमचा चिकटलेला. मी लहानपणी इतकी बारीक होते की त्यांनी माझं नाव टाचणी ठेवलं. शाळेत बाईंनी खरं नाव पुकारलं की मी मागे वळून बघायची, कोणाला हाक मारतायत म्हणून.

नवरा गेल्यापासून आप्पा माझ्याकडेच राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. गेल्या वर्षी एका सकाळी मी चहा दिला तेव्हा ते अदबीने उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "बाई" झाले. मला फार काही नको होतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मला टाचणी म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

सगळं विसरले तरी एक गोष्ट त्यांना तोंडपाठ होती: झोप हरवलेल्या मुलीची. मुलांचं ते जुनं पुस्तक तुम्हीही वाचलं असेल. एका मुलीची झोप हरवते, मग ती गावभर शोधत फिरते. पुलावरचा बगळा भेटतो, धुक्याचे कपडे शिवणारा शिंपी भेटतो आणि शेवटी गिरणीवाला पोतं झटकतो, तर पिठाबरोबर तिची झोप खाली पडते. आमच्या घरात मात्र गिरणीवाला नव्हताच.

त्याचं असं झालं की, कारखान्यात नवे असताना आप्पा एका प्रतीत एक फर्मा घालायचाच विसरले. साहेबांनी सगळ्यांसमोर कान उपटले आणि ती बाद प्रत त्यांच्याच माथी मारली. आप्पांनी ती घरी आणली आणि रोज संध्याकाळी मला वाचून दाखवली. पान एकशे बारा संपलं की समोर एकदम एकशे एकोणतीस. मधली सोळा पानं आप्पा मनाने सांगायचे, डोळे पुस्तकातच ठेवून, पानही उलटल्यासारखं करून. अकराव्या वर्षी शाळेच्या वाचनालयात मी धड प्रत वाचली आणि तणतणत घरी आले. "आप्पा, तुम्ही थापा मारल्यात!" ते खळ ढवळत म्हणाले, "तुला कुठली जास्त आवडली?" गिरणीवाला अगदीच पाणचट होता.

त्या पुस्तकाचं गाव खरंच आहे. लेखक तिथेच राहायचा, आणि गावाने त्याच्या जिवावर बस्तान चांगलं बसवलंय. बसने चार तासांवर. गेल्या शरदात एका शनिवारी मी आप्पांना घेऊन गेले. दोन-तीन दिवस घरात कसलीच गडबड नव्हती, म्हणून तो शनिवार निवडला होता, एवढं आठवतं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

गाव गोड होतं आणि थोडं गबाळंही. तिकीटघरातल्या बाईंनी आम्हाला नकाशा दिला. त्यावर एक ते सहा आकडे होते. पहिला, पुलावरचा बगळा. फायबरचा, एका डोळ्याचा रंग उडालेला. मी म्हटलं, "याला मोतीबिंदू झालाय." आप्पा खो खो हसले. शिंप्याच्या दुकानात यंत्रातून वाफ सोडत होते आणि पांढऱ्या मलमलीचे अंगरखे टांगले होते. शिंप्याच्या वेशातला माणूस खोकत होता. "दिवसभर हे धुकं खातो हो," तो म्हणाला, "रात्री बायको म्हणते, इस्त्री केल्यासारखा वास येतो."

चौथ्या ठिकाणी पुस्तकांचं दुकान होतं. आप्पांनी एक प्रत उचलली, उघडली, पाठ बोटाने दाबून पाहिली. "शिलाई नाही. नुसता गोंद," ते तुच्छतेने म्हणाले. मग पानं भराभर उलटत मध्येच थांबले आणि प्रत माझ्यापुढे धरली.

"बाई, यात सोळा पानं जास्त पडलीत. मालकांना सांगा."

सगळं जग पुसलं गेलं होतं आणि ती एक चूक मात्र शाबूत होती.

सहावं ठिकाण गिरणी. नदीकाठची, दगडी, चाक बंद पडलेलं. आत पिठाची खोटी पोती आणि एक पुतळा. आप्पांनी गिरणीवाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते गिरणीला वळसा घालून मागे गेले. मी नकाशा घडी करत मागोमाग. मागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला एक बैठं घर. दारावर आकडा नव्हता. दार लोटलेलं होतं. दुपारचे सव्वादोन झाले होते. मी घड्याळ पाहिलं, कारण परतीची बस साडेतीनची होती.

आत खळीचा वास आला. शिजवलेल्या मैद्याचा, मोरचूद घातलेला, ताजा.

लांबट खोली. भिंतीशी बारा खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. खिडकीच्या काचेला तडा गेला होता आणि त्यावर कागदाची पट्टी डकवली होती. पलीकडच्या टोकाला एक मावशी मोठा लोकरी स्वेटर उसवत बसल्या होत्या. विणत नव्हत्या, उसवत होत्या, आणि धागा गुंडाळत होत्या.

हे पुस्तकात नाही. छापलेल्या कुठल्याच प्रतीत नाही. ही आप्पांची सोळा पानं होती.

माझं डोकं कामाला लागलं. आप्पांनी कुणाला तरी सांगितलं असेल. कारखान्यातल्या कुणीतरी इथे येऊन ते खपवलं असेल. जगात असे योगायोग होतात. असं मनाला बजावत मी खुर्च्या मोजत गेले, आणि नवव्या खुर्चीपाशी थांबले. तिचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी सारली होती. हा तपशील आप्पांनी एका संध्याकाळी आमच्याच घरातली खुर्ची डुगडुगली म्हणून गोष्टीत घुसवला होता. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो.

आणखी एक. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांवरच्या गाद्या दबलेल्या होत्या. कुणी बसलं की दबतात तशा. दाराजवळची पहिली तेवढी फुगीर होती.

आप्पांच्या गोष्टीत त्या खुर्च्यांवर लोकांच्या हरवलेल्या वस्तू बसलेल्या असत. कुणाची झोप, कुणाचं हसू, कुणाची शीळ.

"न्यायला आलात?" मावशींनी विचारलं. मान वर केली नाही.

मला वाटलं, हा खेळाचाच भाग. बगळा, शिंपी, तशा या. "हो," मी म्हटलं.

"काय ठेवून जाणार?"

हा प्रश्न मला ठाऊक होता. गोष्टीतही हाच होता. काही न्यायचं तर बदल्यात काही ठेवायचं, असा त्या खोलीचा नियम. आणि गोष्टीतल्या मुलीचं उत्तर आम्ही दोघं दर संध्याकाळी एका सुरात ओरडायचो. मी आप्पांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, परक्यासारखे. त्यांना हसवावं म्हणून मी एकटीनेच ते मोठ्याने म्हटलं:

"जे गेलेलं मला कळणारच नाही, ते!"

कुणी हसलं नाही.

मावशींनी धागा ओढला. एक ओळ सरसर उसवत गेली.

नवव्या खुर्चीची गादी हळूहळू वर आली.

माझ्या मनात काहीतरी लकाकून गेलं, घरी गॅस चालू राहिलाय की काय असं वाटतं ना, तसं. मी आठवायला गेले, तर काहीच नव्हतं.

"टाचणे," मागून आवाज आला, "इथे कुठे चहा मिळेल का गं?"

मी वळले. आप्पा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे.

मी त्यांच्या गळ्यात पडले. रडता रडता त्यांच्या खांद्यावरून मला दाराजवळची पहिली खुर्ची दिसली. तिची गादी आता दबलेली होती. थोडीशीच, अगदी हलकं कुणी बसावं तशी.

परतीचा सगळा रस्ता आप्पा बोलत होते. साहेबांच्या नकला केल्या, आईची पाककृती सांगितली, माझे केस पांढरे झाले म्हणून मला चिडवलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी माझी गत झाली होती. मी त्यांचा हात सोडलाच नाही. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "छोटीची बस किती वाजता पोचणार?"

"कोण छोटी, आप्पा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चालायचंच, आजाराचा थोडा अंश उरलाय. मी त्यांच्या अंगावर शाल नीट केली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. मी चहा टाकला आणि फोन वाजला. एका शाळेतल्या शिक्षिका बोलत होत्या. सहलीची बस पाऊण तासापूर्वी आली, सगळी मुलं गेली, तुमची मुलगी तेवढी फाटकाशी थांबलीय.

"राँग नंबर," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा केला. माझं पूर्ण नाव घेतलं. मी म्हटलं, "अहो बाई, मला मुलगी नाही." आणि फोन ठेवला.

आप्पा दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी वहाणा घातल्या आणि बाहेर पडले. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते एकटे बाहेर गेले, आणि रस्ता चुकले नाहीत.

अर्ध्या तासाने ते आठ वर्षांच्या एका मुलीचं बोट धरून परत आले. मी तिला बसायला खुर्ची दिली. "पाणी हवं का तुम्हाला?" असं मी तिला विचारलं म्हणे. तिने आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

याला आता चार महिने झाले. मी सगळे कागद पाहिलेत. जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, फोटो. एका फोटोत मी दवाखान्याच्या पलंगावर आहे आणि ती माझ्या छातीवर झोपलीय. तिचं नाक माझ्यासारखं आहे. चष्म्याचा नंबरही मीच काढलेला, अक्षर माझंच. मी तिची आई आहे हे मला पुराव्याने पटलंय, पृथ्वी फिरते हे पटावं तसं. डॉक्टर म्हणतात, ताण आहे, येईल परत. मुलगी लाघवी आहे, हुशार आहे. मी तिच्या वेण्या घालते, डबा भरते, आणि तिला जीव लावायचा रोज प्रयत्न करते. थोडा लागलाय. पण ती शाळेत गेली की पहिल्या तासाला मला तिचा चेहरा आठवून बघावा लागतो.

मी एकटी त्या गावी पुन्हा जाऊन आले. गिरणीच्या मागे बोळ नाही. भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नदी. तिकीटघरातल्या बाईंनी नवा नकाशा दिला, त्यावरही सहाच आकडे.

त्या खोलीची गोष्ट आप्पांनी तिलाही सांगितलीय. परवा मी तिची उशी ठीक करत होते, तेव्हा ती म्हणाली, "तू एकटी गेलीस ना, म्हणून दार दिसलं नाही. आपण तिघं जाऊ."

"आप्पांना कशाला दगदग?" मी म्हटलं. "ते तर बरे झालेत आता. त्यांचं तिथे काय काम?"

"बदल्यात काहीतरी ठेवावं लागतं ना," ती म्हणाली. मग दबक्या पावलांनी उठून दारापर्यंत गेली आणि आतल्या खोलीकडे बघत उभी राहिली. तिथे आप्पा गाणं गुणगुणत तिच्या नव्या वह्यांना कव्हरं घालत होते.