हांग थिएकची बासरी

मानवी इतिहासातला शेवटचा गैरसमज मिटून आता सहा वर्षं झाली आहेत, असं सहलीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. हनोईतल्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, श्रीरंग पोटफोडे यांनी हॉटेलातल्या वेटरला टेबलाशी बोलावलं आणि उपमा गार आहे, मोहरी कच्ची आहे, शिवाय वाढणाऱ्याला माणूस आणि खुर्ची यांतला फरक कळत नाही, असं स्वच्छ मराठीत सुनावलं. वेटरने छातीशी हात नेला आणि तो कमरेत वाकून काहीतरी पुटपुटला. पोटफोड्यांच्या कानातला भाषांतराचा मणी मृदू आवाजात म्हणाला, "आपल्या या शब्दांनी माझा दिवस सार्थकी लागला."

"चला," वैजयंतीबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षांत तुमचं बोलणं पहिल्यांदाच कोणाला तरी आवडलं."

पोटफोड्यांनी सहलीचे व्यवस्थापक लेले यांना गाठलं. लेले पन्नाशीचे होते आणि गेली वीस वर्षं एकच हास्य वापरत होते.

"मी तक्रार केली होती."

"केलीत ना सर. पोचलीसुद्धा. फक्त सौम्यकातून गेली."

"कशातून?"

लेल्यांनी समजावून सांगितलं. पूर्वीची भाषांतर-यंत्रं बोललेलं जसंच्या तसं पलीकडे पोचवायची, आणि त्या काळात लेल्यांनी दोन सहलींत तीन पोलीस चौक्या आतून पाहिल्या होत्या. मग 'मंजुळ' नावाच्या कंपनीने यंत्रात एक थर घातला. तो सौम्यक. बोलणाऱ्याचा राग, टोमणा, नकार, कंटाळा असं काहीही आलं की तो ते ओळखतो आणि समोरच्याला गोड वाटेल अशा वाक्यात बसवतो. आवाजांचंही तेच. हॉर्न, भांडणं, ड्रिलिंग मशीन, ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी आणेल असं जे जे काही, त्याच्या जागी बासरी किंवा पाखरं.

"अर्थ तोच राहतो सर. फक्त टोकं घासली जातात."

"टोक घासलेली सुई काय शिवणार? आणि तो वेटर मला खरोखर काय म्हणाला?"

"ते आता कसं सांगणार? तेही सौम्यकातूनच आलं."

"म्हणजे त्याने मला शिवी दिली असेल तर?"

"तर ती तुम्हाला लागली नाही," लेले म्हणाले. "सुविधा तीच आहे."

पोटफोडे वीजमंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. पुण्यात त्यांची ओळख मात्र तक्रारींमुळे होती. महापालिका, दूध डेअरी, सोसायटी, नाट्यगृहाचं स्वच्छतागृह, सगळ्यांना त्यांची पत्रं गेलेली होती आणि पत्राचा शेवट ते नेहमी 'कळावे' असाच करत. समोरच्याला कळतं, या एका श्रद्धेवर त्यांचं आयुष्य उभं होतं. आता कोणीतरी त्या श्रद्धेखालची खुर्चीच काढून घेतली होती. वर वाकून आभारही मानले होते.

नऊ वाजता बत्तीस जणांचा गट सारख्या पिवळ्या टोप्या घालून जुन्या शहरात शिरला. हनोई काही केल्या डोळ्यांत मावत नव्हती. पदपथावर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं वाफाळत्या वाडग्यांतून नूडल्स ओढत होती. एक बाई खांद्यावरच्या कावडीत अननसाचं अख्खं दुकान घेऊन चालली होती. खांबांवर तारांची अशी जटा होती की पोटफोड्यांचा हात आपोआप कंबरेकडे गेला. तिथे पूर्वी टेस्टर असायचा. आणि स्कूटर! इलेक्ट्रिक, जुन्या पेट्रोलच्या, तीन-तीन माणसांच्या, एकीवर तर कुंडीसकट झाड. एवढा लोंढा अंगावर येत होता आणि कानात मात्र बासरी वाजत होती. एक स्कूटर कोपराला चाटून गेली. चालक मागे वळून तोंड वेडंवाकडं करून ओरडला. मणी म्हणाला, "आपली चाल किती डौलदार!"

"थँक यू!" गटातल्या कुलकर्णीबाई ओरडल्या. त्यांना वाटलं, त्यांनाच म्हणाला.

या जुन्या शहरात एकेका गल्लीत एकेक धंदा. रेशमाची वेगळी, कागदी वस्तूंची वेगळी, चांदीची वेगळी. आपल्याकडे तांबट आळी, बुरुड आळी असते तसंच. सव्वाअकराच्या सुमारास लेल्यांनी गट आणला तो हांग थिएकमध्ये, पत्राकाम करणाऱ्यांच्या गल्लीत. पेट्या, नसराळी, धुराडी, केकचे साचे असा चकचकीत माल दुकानांतून थेट रस्त्यावर सांडलेला होता. "मोकळा वेळ चाळीस मिनिटं," लेले म्हणाले. लोक फोटो काढू लागले.

एका दुकानाच्या उंबऱ्याशी साठीतली एक काटक बाई मांडी घालून बसली होती. पायांत लोखंडी रूळ धरून त्यावर ती पत्र्याच्या डब्याचा जोड हातोड्याने बसवत होती. पोटफोडे थांबले. हातोडा पत्र्यावर पडत होता, आणि ऐकू येत होती बासरी.

दुसऱ्या कोणाला यात काही खटकलं नसतं. पण पोटफोड्यांचे वडील पुण्याच्या तांबट आळीत हंडे मठारत. श्रीरंग स्वतः कॉलेजात जाईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून ठोके घालत होता. धातू ठोकणारा माणूस डोळ्यांनी काम करतच नाही. तांबं कडक व्हायला लागलं की ठोक्याचा आवाज चढतो, तिथे थांबून ते तापवायचं असतं. आवाज फुटका आला तर आत चीर आहे. ही बाईही दर चार ठोक्यांनंतर मान कलती करत होती. ती काहीतरी ऐकत होती, आणि ती बासरी खचितच नव्हती.

पोटफोड्यांनी कानातला मणी काढला.

आवाज अंगावर कोसळला. शंभरेक हातोडे, कर्कश कात्र्या, हॉर्न, कोणाचा तरी रेडिओ, कोणाचं तरी भांडण. दातांत शिरणारा, छातीत बसणारा गोंगाट. गेली तीस वर्षं ज्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं, तो आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि या गोष्टीचाच त्यांना आधी राग आला.

बाई मान वर करून गटाला काहीतरी बोलली. एकच वाक्य, दोनदा.

"काय गोड बोलते हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "म्हणते, या, बसा, तुमच्या येण्याने गल्लीला शोभा आली."

"तिच्या तोंडाकडे बघ. शोभा आलेलं तोंड आहे ते?"

बाईने पोटफोड्यांच्या तळहातावरचा मणी पाहिला. तिचा हातोडा थांबला.

"यू हिअर?" तिने विचारलं. तिच्याजवळ पन्नासेक शब्दांचं इंग्रजी होतं, पण एकही शब्द वाया जात नव्हता. तिचं नाव थोआ. ती रोज प्रत्येक गटाला सांगत असे, पाय मागे घ्या, खाली तापलेलं डाग द्यायचं कथील आहे. प्रत्येक गट हसून आभार मानत असे आणि एक पाऊल पुढे येत असे.

"आमच्या कानात काही नाही," ती म्हणाली. "काम करायला कान लागतो."

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. गल्लीचा 'अनुभव' चालवण्याचा ठेका मंजुळ कंपनीकडे होता. कंपनी कारागिरांना शहराबाहेर चाळीस किलोमीटरवरच्या वसाहतीत हलवणार होती. इथे त्यांच्या जागी रबरी हातोडे घेतलेले नट बसतील. तसाही पाहुण्यांना आवाज ऐकू येत नव्हताच. करारात एकच अट होती: एका जरी पाहुण्याने हरकत घेतली, तरी सगळं थांबवून फेरविचार करायचा. मुदत आज दुपारी बारापर्यंत.

"आठ महिने," थोआ म्हणाली. "किती लोक आले. एक हरकत नाही. सगळे म्हणतात, शांत गल्ली, सुंदर गल्ली." तिने डबा कानाशी नेऊन वाजवून पाहिला. "तिकडे गिऱ्हाईक नाही. मी साठ वर्षांची. तिकडे जाऊन काय ठोकू?"

पोटफोड्यांना एक जुना कागद आठवला. सोसायटीच्या लेटरहेडवरचा. 'मागील बाजूच्या कारखान्यातील ठोकाठोकीमुळे रहिवाशांस त्रास होतो.' सचिव म्हणून खाली त्यांची सही होती. कारखाना एका म्हाताऱ्या तांबटाचा होता, वडिलांचा मित्र. पत्राचा परिणाम तीन आठवड्यांत झाला होता आणि तेव्हा पोटफोड्यांना अभिमान वाटला होता.

"कुठे नोंदवायची हरकत?" ते म्हणाले. "आयुष्यभर दुसरं काय केलंय मी!"

गल्लीच्या टोकाला कंपनीचं अभ्यागत मत केंद्र होतं; वैजयंतीबाई आणि थोआ त्यांच्या मागोमाग तिथे आल्या. आत मिन्ह नावाचा एक अतिशय सभ्य अधिकारी बसला होता. त्याच्या कानात मणी होता, सेवेच्या नियमाप्रमाणे. पोटफोडे उभे राहिले, घसा साफ केला आणि सव्वाचार मिनिटं न थांबता बोलले. ही फसवणूक आहे. तुम्ही पाहुण्यांचे कान कापलेत आणि कारागिरांची जीभ. माझी हरकत आहे, हरकत आहे, हरकत आहे.

मिन्हच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. समोरच्या पडद्यावर नोंद उमटली, मराठीतच: 'या गल्लीने मी भारावून गेलो, भारावून गेलो, भारावून गेलो.'

"हे मी बोललो नाही!"

'शब्द अपुरे पडतात,' पडद्यावर उमटलं.

त्यांनी इंग्रजीत सांगून पाहिलं. मिन्हचा मणी इंग्रजीवरही तितकंच प्रेम करत होता. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. कागद वाचकयंत्राखाली गेला आणि त्याचं आभारपत्र झालं. तुमचा मणी काढा, असं त्यांनी खुणेने सांगितलं, तर मिन्हने कृतार्थ होऊन स्वतःच्या कानाला हात लावला आणि तो वाकला. पोटफोड्यांनी टेबलावरून हात पुढे केला तो थेट त्याच्या कानाकडे.

"अहो!" वैजयंतीबाईंनी त्यांची बाही धरली. "परदेश आहे हा. हात आवरा."

"मग काय करू? मी तोंड उघडलं की साखर पडते!"

"मला आधी कळू द्या तरी, कशासाठी एवढं चाललंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपला मणी काढून पर्समध्ये टाकला. दारातून गल्लीचा आवाज आत आला. "अगं बाई. तुमचे बाबा ठोकायचे तस्संच. लग्नानंतर वर्षभर डोकं दुखायचं माझं." त्यांनी थोआकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "त्याला ऐकू येत नसेल तर हादरे तरी बसू देत. ठोका."

थोआला मराठी कळत नव्हतं, तरी ती धावत जाऊन पत्र्याची मोठी परात आणि दोन हातोडे घेऊन आली. परात केंद्राच्या उंबऱ्यावर पालथी पडली. पहिले काही ठोके पोटफोड्यांचे चुकले, अंगठ्यावर बसले. मग मनगटाला जुनी वाट सापडली. तिचा एक, त्यांचा एक, मध्ये जराही फट नाही. काचा थरथरल्या. मिन्हच्या टेबलावरचा पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला आला. पलीकडच्या दुकानांतले कारागीर बाहेर आले, कोणी ओरडलं, कोणी हातातलं नसराळंच खांबावर बडवायला लागलं. पोटफोड्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती आणि ते प्रत्येक ठोक्याला एकेक शब्द ओरडत होते. "ऐका! लेको! ऐका! जरा!"

मिन्ह उठून उभा राहिला. त्याने पेला पडण्याआधी अलगद धरला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्याच्या गालावरून खरोखरच एक थेंब ओघळला. दारात जमलेल्या पिवळ्या टोप्या डोलत होत्या. "काय सूर लागलाय!" कुलकर्णीबाई म्हणाल्या. "पोटफोडे बासरी वाजवतात, कधी बोलले नाहीत!" लेल्यांनी हे सगळं चित्रित केलं, कारण पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाला हेच हवं होतं.

पोटफोडे थांबले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. थोआने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. तिने पोटफोड्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला, त्यांचा सुजलेला अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि काहीतरी म्हणाली. कानात मणी नव्हता, त्यामुळे तिचं म्हणणं त्यांना कळलं नाही. गोड नव्हतं, एवढं नक्की.

पुण्याला परतल्यावर त्यांनी मंजुळ कंपनीला बारा पानी पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं. आपल्या प्रेमळ पत्राबद्दल आभार. त्या दिवशी हांग थिएकबद्दल एकूण चौतीस अभिप्राय आले, चौतीसही अनुकूल, आणि त्यांत सर्वोत्तम म्हणून आपला निवडला गेला आहे. गल्लीतली सर्व दुकानं सोमवारी सकाळी हलवण्यात आली. ट्रक वेळेवर आले होते.