थांबलेली रेघ

कचेरीत नव्यानेच रुजू झालेली ती, पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या पहिल्याच माणसाला गाठून म्हणाली, "एक वाक्य वाचते. कळलं का सांगा — 'कर्सर लुकलुकणे : चालू किंवा बंद करते.'"

"कळलं की."

"काय डोंबल कळलं! कोणी बंद करायचं? का करायचं? ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला समोर बसवून…"

"बसतो," तो म्हणाला. "मीच लिहिलंय."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. पण तो रागावला नव्हता. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून तो तिच्याकडे बघत होता, आणि त्यानं तिची पंचाईत आणखीच वाढली.

संगणकावर मजकूर लिहिण्याचा एक एडिटर ही कंपनी बनवत असे. त्यातले पर्याय तो तयार करी; ते साध्या माणसाला समजतील असे लिहून काढणं आता हिच्याकडे आलं होतं. तिचा नियम एकच — वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवायचं, आणि त्यानं "म्हणजे?" विचारलं की ते खोडून नव्यानं लिहायचं. दुसऱ्यांच्या वाक्यांना ती स्वतःच "म्हणजे?" विचारी. त्यामुळे तिचं नाव 'म्हणजेबाई' पडलं. ठेवणारा अर्थात तोच.

तो अर्धं बोलायचा, अर्धं गिळायचा. ती पिच्छा सोडत नसे. एकाच पडद्यावर वाकून वाचताना खांद्याला खांदा लागे, आणि लागलाच नाही असं दोघंही दाखवत.

कर्सरच्या त्या लुकलुकणाऱ्या रेघेपाशी मात्र गाडी अडली.

"कोणासाठी केलात हा पर्याय?"

"असाच."

"म्हणजे?"

"बाबांसाठी. आजारपणानंतर एका बोटानं टाइप करतात. शब्द आठवावा लागतो. ती रेघ उघडझाप करत राहिली की… कोणीतरी घाई करतंय असं वाटतं त्यांना. मग रडू येतं."

तिनं लिहिलं — 'लिहिताना कोणी घाई करतंय असं वाटत असेल, तर हे बंद करा. रेघ जागेवर थांबेल. सावकाश लिहा.'

त्यानं वाचलं. त्याचे डोळे भरून आले. त्याच क्षणी तिचा जीव त्याच्यावर जडला.

आणि मग कळलं — बाबांजवळ राहायला तो नोकरी सोडून निघालाय. शेवटच्या दिवशी तो टेबल आवरत होता. ती जवळ जाऊन नुसतीच उभी राहिली. आज तो गप्प राहिला, तर सगळं संपणार होतं.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण… असो."

"असो नाही चालायचं."

"मला नीट मांडता येत नाही हो."

"पर्याय कसा मांडायचा, शिकवलंय ना मी? काय आहे, कोणासाठी आहे, आणि हात लावला नाही तर काय होईल."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "प्रेम आहे. तुमच्यासाठी. हात लावला नाही तर… मी संध्याकाळी निघून जाईन, आणि जन्मभर हळहळत बसेन."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या तिला शब्द सापडेना. तो थांबला. त्यानं मुळीच घाई केली नाही.

"बाबांना विचार," अखेर ती म्हणाली, "बडबडी सून चालेल का?"

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

नियम म्हणजे नियम. तिनं डोळे पुसले आणि वाक्य नव्यानं सांगितलं.

"मीही येते."